मुंबईची सहल ठरवण्याआधी पंचांग उघडा

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील शाळांचे मुख्याध्यापक व सहलप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलीची परिपत्रकं निघतात. त्यातली मुंबईची यादी वर्षानुवर्षं तीच असते. गेटवे, राणीची बाग, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, तारांगण, मत्स्यालय, सिद्धिविनायक, जुहू, आणि हे सगळं एका दिवसात. ही यादी एका शाळेकडून दुसरीकडे जशीच्या तशी जाते, याचा पुरावा यादीतच आहे. तारापोरवाला मत्स्यालय बंद होऊन काही वर्षं झाली, तरी परिपत्रकांत ते अजून चालू आहे.

आम्ही सोलापुरातूनच मुलांच्या सहली नेण्याचं काम करतो. यंदाचं परिपत्रक छापण्याआधी आमची एक विनंती ऐकावी. मुंबईत मुलांना मलबार हिलच्या बागा, राणीची बाग आणि एक किनारा दाखवा, त्याहून जास्त नको. आणि सहलीची तारीख शाळेच्या सोयीने ठरवू नका. आठवड्याचा वार आणि पंचांगातली तिथी, या दोन्ही बघून ती ठरवा. वार चुकला तर बागेचं फाटक बंद मिळतं. तिथी चुकली तर समुद्र भलत्या वेळी भलतीकडे असतो, आणि त्याचा धोका आपल्याकडच्या मुलांना कळत नाही. शिक्षकांनाही कळत नाही. यात कमीपणा काहीच नाही. आपण तळ्याकाठची माणसं. सिद्धेश्वर तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं.

आधी वार. राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असतं. बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर त्या दिवशी उघडं ठेवतात आणि गुरुवारी बंद. नाताळ बुधवारी आला की नेमका हा घोळ होतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी सोमवारी बंद, वरळीचं नेहरू तारांगणही सोमवारी बंद. शनिवार-रविवारी खुद्द मुंबईकर पोराबाळांना घेऊन बागेत येतात, पेंग्विनच्या रांगेतच तास जातो. उरले मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार. यांपैकी एक धरा. ‘रविवार गाठला की शाळा बुडत नाही’ हा हिशेब मुंबईत महाग पडतो.

गाडीचा वारही बघा. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली वंदे भारत सोलापूरहून पहाटे सहाच्या सुमारास निघून दुपारी साडेबाराच्या आसपास मुंबईला पोचते, म्हणजे बागांसाठी अर्धा दिवस गेलाच. शिवाय ती गुरुवारी सोलापूरहून आणि बुधवारी मुंबईहून धावत नाही. एका दिवसाच्या सहलीला सिद्धेश्वर एक्स्प्रेसच बरी. रात्री निघायचं, सकाळी सातच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरायचं, आणि त्याच रात्री साडेदहानंतरच्या सिद्धेश्वरने परत. बसने रातोरात जाऊ नका. चारशे किलोमीटरहून जास्त अंतर, बोरघाट, आणि सकाळी पेंगत्या चालकाच्या हाती मुंबईची वाहतूक. एसटीची सहल-सवलत चांगली आहे, पण ती अक्कलकोट, पंढरपूर, नळदुर्गसाठी राखून ठेवा.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पूर्वीचे १२० दिवस धरून बसू नका. एका अर्जावर सहाच नावं बसतात, त्यामुळे चाळीस मुलांना सात-आठ अर्ज होतात आणि मुलं चार डब्यांत विखुरतात. मध्य रेल्वेचं विभागीय कार्यालय सोलापुरातच आहे. शाळेच्या लेटरहेडवर यादी घेऊन आधीच तिथल्या वाणिज्य विभागात जा आणि गटाचं आरक्षण मागा. एकाच डब्यात मुलं असली की रात्री शिक्षकाला झोप मिळते, नाहीतर तो डबे पालथे घालतो.

आता तिथी. पत्र लिहायचं खरं कारण हेच आहे.

समुद्राला दिवसात दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणून आजची भरती उद्या पाऊण-एक तास उशिरा येते. कोकणातले लोक यावरून वेळ तोंडी काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, प्रत्यक्षात साडेअकरा ते बारा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हिशेब एकच, सकाळच्या आणि रात्रीच्या घड्याळालाही तोच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पुरी होते. अर्ध्या-एक तासाचा फरक पडू शकतो, कारण पंचांगातली तिथी सूर्योदयाची असते आणि ती दिवसा केव्हाही बदलते. म्हणून या हिशेबाने दिवस निवडावा आणि नेमकी मिनिटं मुंबईच्या वर्तमानपत्रातल्या किंवा महापालिकेच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करावीत. दाते पंचांग आपल्या गावातून निघतं, शाळेच्या कचेरीत भिंतीला टांगलेलं असतं. मुहूर्तापलीकडे त्याचा हाही उपयोग आहे.

सहल किनाऱ्यावर पोचते ती साधारण साडेचारला आणि थांबते सहापर्यंत. या दीड तासात कोणत्या तिथीला पाणी काय करत असतं, ते पाहा.

त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावस्येला ओहोटी पावणेचार ते सहाच्या दरम्यान पुरी होते. पाणी लांब गेलेलं, वाळू रुंद, ओढ कमी. मुलांना हुंदडायला जागा मिळते. सहाला निघायचं हे मात्र पक्कं, कारण तोवर पाणी परत फिरलेलं असतं आणि अंधारही पडतो. यातही चतुर्दशी सगळ्यांत सोयीची. अमावस्येला पोरं बाहेर धाडायची नाहीत म्हणणारे पालक प्रत्येक वर्गात दोन-चार असतातच, त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा आदला दिवस धरावा.

द्वितीया, तृतीया, चतुर्थी या तिथींना भरती दीड ते तीनच्या दरम्यान होऊन गेलेली असते. आपण पोचतो तेव्हा पाणी वेगाने मागे सरकत असतं आणि पायाखालची वाळू काढून नेत असतं. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे हे दिवस उधाणाचे, त्यामुळे ओढ जास्त. या तिथींना मुलांचे पाय पाण्याला लागू देऊ नयेत, कट्ट्यावरून समुद्र दाखवावा. आमच्या मते तर तारीखच बदलावी.

सप्तमी ते नवमीला संध्याकाळी ऐन भरती असते. भांगाची भरती असल्याने पाणी फार चढत नाही, पण वाळूची पट्टी अरुंद होते आणि चाळीस मुलं, भेळवाले, फुगेवाले सगळे एकाच जागी येतात. अशा दिवशी चौपाटी सोडून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसावं.

एवढं खोलात शिरायचं कारण म्हणजे पाणी चढण्याचा वेग सारखा नसतो. सहा तासांची भरती धरली तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग येतो, दुसऱ्यात दोन बारांश, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन बारांश, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच येतं. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत ४ मीटरचा फरक धरला, तर या दोन तासांत २ मीटर, तासाला १ मीटर. सहावीच्या मुलाच्या गुडघ्याशी असलेलं पाणी, ते मूल तिथेच उभं राहिलं तर, तासाभरात डोक्यापर्यंत जातं. पहिल्या तासात पाणी हलल्यासारखंच वाटत नाही, त्यामुळे शिक्षक निर्धास्त होतात. ओहोटीतही हाच हिशेब उलटा लागू पडतो, तिसऱ्या-चौथ्या तासाला ओढ सर्वाधिक असते. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ती मुलं आपल्या मुलांपेक्षा वयाने मोठी होती. त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींसाठी सूचना काढल्या. परवानगीच्या अर्जाला जोडण्यापुरत्या त्या न ठेवता सोबत येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने वाचाव्यात.

किनारा गिरगाव चौपाटीचा घ्या. जुहूला जाऊन यायला दक्षिण मुंबईतून संध्याकाळचे तीन तास जातात, आणि रात्रीची गाडी चुकण्याची ती सगळ्यांत खात्रीची वाट आहे. मालाडच्या आक्सा किनाऱ्याचं नावही काढू नका. तिथला तळ सरकता आहे, कालची उथळ जागा आज खोल असते, आणि बुडण्याच्या घटनांसाठीच तो ओळखला जातो. गिरगावचं पाणी पोहण्याच्या लायकीचं नाही, त्यामुळे ‘घोट्यापर्यंतच’ हा नियम मुलांच्या गळी उतरवणं सोपं जातं. पाणी घाण आहे म्हटलं की पालकांचाही आग्रह राहत नाही.

घोट्यापर्यंतचा नियम तोंडी सांगून पाळला जात नाही, त्यासाठी दोर लागतो. ३० मीटरचा जाड नायलॉनचा दोर न्या. पाण्याला समांतर, घोटाभर पाण्यात तो धरून दोन शिक्षक दोन टोकांना आणि एक मधे उभे राहतील. त्यांची पाठ समुद्राकडे नसावी आणि मुलांकडेही नसावी, म्हणजे आडवं उभं राहायचं. मुलं दोराच्या जमिनीकडच्या बाजूला. एका वेळी दहाच मुलं, दहा मिनिटं. बाकीची तीस वाळूत, दोन शिक्षकांपाशी. शिट्टी एकदा वाजली की जिथे असाल तिथे थांबा, दोनदा वाजली की जोडीदाराचा हात धरून बाहेर या. दर दहा मिनिटांनी दोर पाण्याच्या नव्या कडेला आणायचा. ही गोष्ट हमखास विसरली जाते, आणि पाणी चढत असेल तर मधल्या शिक्षकाच्या पोटऱ्या भिजल्यावर लक्षात येते.

मरीन ड्राइव्हला कट्ट्यावर पाय रस्त्याच्या बाजूला सोडून बसायचं. पलीकडे टाकलेले सिमेंटचे चौपायी ठोकळे, टेट्रापॉड, लाटांचा जोर मोडण्यासाठी आहेत. त्यांवर शेवाळ असतं आणि मधल्या फटी माणूस आत जाईल एवढ्या असतात. चप्पल, टोपी, मोबाइल तिकडे पडला तर तो गेला असं समजायचं. हे आधी सांगितलं नाही तर एखादा धीट मुलगा उतरतोच.

आता बागा. मलबार हिलवरची हँगिंग गार्डन सकाळीच करा. स्टेशनवर आंघोळ-नाश्ता उरकून साडेसातपर्यंत वर पोचलं तर ऊन नसतं आणि फिरायला येणाऱ्यांची गर्दी ओसरू लागलेली असते. फिरोजशहा मेहता उद्यान हे तिचं खरं नाव. ती १८८१ च्या सुमारास पाण्याच्या मोठ्या टाकीवर उभारली. मुलं हिरवळीवर पळतात तेव्हा त्यांच्या पायाखाली दक्षिण मुंबईला पुरवायचं पाणी असतं. प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं दाखवून पुढे जाणाऱ्या शाळा बागेतली सगळ्यांत मोठी गोष्ट न बघता परततात. टाकी टेकडीवर का, तर उंचावरून पाणी आपोआप खाली वाहतं. वर माती आणि गवत का, तर टाकी झाकलेली राहते. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या सोलापूरच्या मुलांना हे चटकन कळतं. उजनीचं पाणी आपल्यापर्यंत कसं येतं, हिप्परग्याच्या एकरुख तलावाचं काय काम, हे आदल्या आठवड्यात वर्गात झालं असेल तर बागेत प्रश्न मुलंच विचारतात.

रस्ता ओलांडला की कमला नेहरू पार्क. म्हातारीच्या बुटाचा जिना अरुंद आहे. सहा-सहाचे गट आत सोडा, एक शिक्षक वर आणि एक खाली. सगळ्यांना एकदम सोडलं की चढणारे आणि उतरणारे मधेच अडकतात आणि रडारड होते. इथून गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा वळसा पूर्ण दिसतो. संध्याकाळी आपण कुठे उभे राहणार आहोत आणि आत्ता पाणी कुठपर्यंत आहे, हे मुलांकडून वहीत काढून घ्या. चतुर्दशीला सकाळी साडेआठला पाणी चढत असतं, संध्याकाळी त्याच जागी ओली वाळू दिसेल. भरती-ओहोटीचा धडा याहून स्वस्तात होत नाही.

मार्च २०२५ मध्ये मलबार हिलवर झाडांमधून जाणारी उंच लाकडी पायवाट खुली झाली. लांबी सुमारे ४८५ मीटर. तिथे ऑनलाइन नोंदणी लागते आणि तासातासाच्या खेपेला ठरावीकच माणसं सोडतात. चाळीस मुलांची एका खेपेत नोंदणी झाली तर जा. निम्मी आत, निम्मी रस्त्यावर अशी वेळ आणू नका.

साडेनऊला खाली निघा, राणीच्या बागेत दहाला. बाग साडेनऊला उघडते. तिकिटाचा दर मोठ्यांना ५० आणि ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २५ रुपये असा राहिला आहे. मुलांच्या जन्मतारखांची यादी सोबत ठेवा, सातवीच्या वर्गात बाराच्या आतली आणि वरची दोन्ही मुलं असतात आणि खिडकीवर तिथेच वेळ जातो. आत गेल्यावर सगळ्यांत आधी पेंग्विन. दुपारी बारानंतर ती रांग हलत नाही.

पेंग्विनबद्दल एक गोष्ट आधी वर्गात सांगून ठेवा. हे बर्फातले पेंग्विन नव्हेत. हम्बोल्ट जातीचे पेंग्विन दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतात. तिथून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, म्हणून त्यांना गारवा लागतो, बर्फ लागत नाही. २०१६ मध्ये ते सोलहून इथे आणले आणि त्यांच्या दालनाचं तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास ठेवतात. हे माहीत नसलेली मुलं काचेपाशी जाऊन ‘बर्फ कुठाय?’ विचारतात आणि हिरमुसतात.

राणीची बाग मुळात झाडांची बाग आहे, प्राणी तिथे नंतर आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची, सुमारे पन्नास एकरांत पसरलेली. गोरखचिंच, कैलासपती, आणि झुंबरासारखे लाल घोस येणारी उर्वशी. सोलापूरच्या कोरड्या हवेत वाढलेल्या मुलांसाठी ही झाडं वाघापेक्षा नवी आहेत, पण पिंजऱ्यांकडे धावणाऱ्या घोळक्यात ती बघायची कोणी? प्रत्येक गटाला तीन झाडं वाटून द्या. खोड, पान, पाटीवरचं नाव, एवढंच लिहायचं. पिंजऱ्यापाशी प्राणी दुपारी झोपलेला असतो, झाड मात्र जागचं हलत नाही.

भाऊ दाजी लाड संग्रहालय बागेला लागूनच आहे. तेही बुधवारी बंद असतं, शिवाय दुरुस्तीसाठी मधून मधून बंद ठेवतात, तेव्हा आधी फोन करून विचारा. त्याच्या आवारातला दगडी हत्ती मात्र चुकवू नका. तो मूळचा घारापुरीचा, आणि त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. एका दिवसाच्या सहलीत घारापुरीला जाता येत नाही. होडीने तासभर जाणं, तासभर येणं, वर शंभरावर पायऱ्या आणि डबे पळवणारी माकडं. हत्ती पाहून तेवढं समाधान मानावं. मुक्कामी सहल असेल आणि गेटवेहून होडीत बसणारच असाल, तर प्रत्येक मुलाच्या अंगात जीवरक्षक जाकीट चढल्याशिवाय आणि त्याचे बंद शिक्षकाने स्वतः ओढून पाहिल्याशिवाय धक्का सोडू देऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर प्रवासी होडीला अपघात झाला आणि माणसं गेली.

हरवलेल्या मुलाला भेटायची जागा बागेत शिरतानाच दाखवून ठेवा, प्रवेशापाशी घड्याळाचा मनोरा आहे तीच. ‘फाटकापाशी ये’ असं सांगू नका, फाटकापाशी दर पाच मिनिटांनी दुसऱ्या शाळेची गर्दी असते. मुलाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर शिक्षकाचा नंबर असतोच, पण ओळखपत्र आधी हरवतं. मनगटावर पेनाने नंबर लिहा. घामाने पुसतो म्हणून दुपारी परत लिहा. १०९८ हा मुलांसाठीचा, १३९ रेल्वेचा आणि ११२ सगळ्या तातडीचा नंबर शिक्षकांच्या मोबाइलमध्ये हवा.

घामाचं गणित आपल्या लोकांना उलटं वाटतं. सोलापूरच्या बेचाळीस अंशांत वाढलेल्या मुलांना मुंबईचे तीस अंश काय, असं आपण म्हणतो. आपल्याकडे हवा कोरडी, घाम लगेच वाळतो आणि अंग गार होतं. मुंबईत हवेतच ओलावा, घाम अंगावर राहतो आणि गारवा येत नाही, त्यामुळे मूल दमतं पण तहान लागल्याचं सांगत नाही. बाटली तोंडाला लावायला सांगावंच लागतं. मुलामागे तासाला पाव लिटर धरा. चाळीस मुलं, सहा तास, म्हणजे ६० लिटर, वीस लिटरचे तीन जार. हे लोकलमधून नेता येत नाहीत, म्हणून मुंबईतल्या दिवसभरासाठी एक बस ठरवणं परवडतं. बस मलबार हिलला उभी ठेवू देत नाहीत, मुलं उतरवून ती पुढे जाते. चालकाचा नंबर दोन शिक्षकांकडे हवा. एकाचा मोबाइल दुपारी बंद पडतोच.

जेवणाचं सोपं आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी, गूळ. सोलापूरच्या या शिदोरीला तोड नाही, ती प्रवासात आंबत नाही, आणि वाटेत ओकारीचा त्रास असलेल्या मुलांनाही चालते. दहीभात, उकडलेली अंडी, क्रीमची बिस्किटं नकोत. चौपाटीवर भेळ खाऊ द्यायची की नाही, यावर आमच्यातही एकमत नाही. पाणीपुरी नको आणि बर्फाचा गोळा नको, यावर मात्र आहे. मुलांनी बूट घालू नयेत, मागे पट्टा असलेली चप्पल घालावी. बुटात ओली वाळू गेली की रात्रीपर्यंत टाचेला फोड येतात आणि गाडीत पोरगं झोपत नाही.

जाण्याआधी एक शनिवार सकाळ तालमीला काढा. भुईकोट किल्ल्याची बाग आणि शेजारचा सिद्धेश्वर तलाव त्यासाठी पुरेत. दहा मुलांमागे निदान एक शिक्षक, जोड्या, शिट्टीचे इशारे, दोर, पाच मिनिटांत मोजणी. इथे मोजणीला दहा मिनिटं लागली तर मुंबईत वीस लागतील. मोजताना डोकी मोजू नका, जोड्यांना आकडे द्या आणि मुलांनाच पुकारू द्या. गैरहजर आकडा ऐकू येतो, गैरहजर डोकं दिसत नाही. किल्ल्यातून बाहेर पडल्यावर हुतात्मा पुतळ्यांपाशी पाच मिनिटं थांबता येईल. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन कोण होते, हे मुंबई पाहून येणाऱ्या मुलाला माहीत असावं. जानेवारीतच गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, यात्रा असते. त्या आठवड्यात सहल ठेवली की निम्मी मुलं नावं काढून घेतात, हे तुम्हांला सांगायला नको.

श्रावण-भाद्रपदात कोणी मुंबईला मुलं नेऊ पाहत असेल तर चौपाटी वगळावी. त्या दिवसांत किनाऱ्याजवळ पाकट आणि निळ्या फुग्यासारखे डंख मारणारे जीव येतात, आणि समुद्र खवळलेला असतोच.

परिपत्रकाकडून आमची अपेक्षा थोडी आहे. तारखेपुढे वार आणि तिथी छापा, त्याखाली किनाऱ्यावर असण्याची वेळ आणि त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा. पालकांच्या संमतिपत्रावर ‘मूल घोट्यापर्यंतच्या पाण्यात जाईल / जाणार नाही’ अशी ओळ ठेवा आणि एक पर्याय खोडायला लावा. ठिकाणांच्या यादीतून मत्स्यालय काढून टाका. डिसेंबरातली चतुर्दशी मंगळवारी, गुरुवारी की शुक्रवारी येते ते आजच पाहा. येत नसेल तर जानेवारीचं पान उलटा, किंवा त्रयोदशी-पौर्णिमेवर भागवा. साठ दिवस मागे मोजले की आरक्षणाची तारीख निघते, आणि बऱ्याच शाळांच्या बाबतीत ती सहामाही परीक्षेच्या आसपास येते. परीक्षेच्या गडबडीत ती निसटते, म्हणून कचेरीतल्या फळ्यावर आत्ताच लिहून ठेवावी.

कळावे,

मुलांच्या सहली नेणारे काही शिक्षक आणि आयोजक
सोलापूर